गॅरेजचे दोन झरोके

माझ्या वडिलांनी अडतीस वर्षं दुसऱ्यांची घरं गार ठेवायचं काम केलं आणि माझ्या घरात त्यांचं कुणी ऐकलं नाही. कुणी म्हणजे मीसुद्धा. हे आधीच सांगते, कारण पुढे जो राग येईल तो सगळा माझ्या नवऱ्यावरच आहे, असं वाटायला नको.

आम्ही त्यांना अपा म्हणतो. नाव एराक्लिओ ब्राकामोंते. टुसान या आमच्या वाळवंटी शहरातल्या निम्म्या जुन्या घरांच्या पोटमाळ्यांतून ते कधी ना कधी सरपटत गेलेले आहेत. जूनमध्ये, जुलैमध्ये, वर तापलेलं छप्पर आणि खाली ढोपराएवढी जागा, त्यात उष्णता अडवणारा काचेचा कापूस अंथरायचा. संध्याकाळी घरी आले की आई त्यांना अंगणातच पाण्याच्या नळीखाली उभं करायची. अंगावरचं सगळं धुऊन निघाल्याशिवाय उंबऱ्याच्या आत प्रवेश नाही.

अपा तापट. रागावणं ही त्यांची बोलण्याची नेहमीचीच तऱ्हा. "मीठ दे इकडे" हेसुद्धा असं म्हणायचे, की मिठानं त्यांचं काहीतरी चोरलंय. आम्हा भावंडांना त्याचं काही वाटायचं नाही. पाऊस पडतो, कुत्रं भुंकतं, अपा ओरडतात.

फेब्रुवारीत आई गेली. एप्रिलमध्ये मी त्यांना माझ्या घरी घेऊन आले.

माझा नवरा कर्टिस उत्तरेकडच्या थंड विस्कॉन्सिनचा. शाळाखात्यात कॉम्प्युटरचं काम बघतो. सोळा वर्षांत त्याचा आवाज चढलेला मी ऐकलेला नाही. लग्न झालं तेव्हा मला वाटलं होतं, देवानं लहानपणीच्या आरडाओरड्याची भरपाई केली. कुठल्याही गोष्टीवर तो आधी व्हिडिओ बघतो, मग यादी करतो, मग सामान आणतो. अपा यायचे ठरल्यावर त्यानंच कल्पना काढली. मागच्या पडवीला आधीच्या मालकानं काचा लावून ती बंदिस्त केलेली होती, पण उन्हाळ्यात तिथं ठेवलेली मेणबत्ती उभ्या उभ्या वाकायची. तिला नीट इन्सुलेशन करायचं आणि अपांची खोली करायची. पडवीला लागूनच गॅरेज. तेही करून घ्यायचं आणि माझं शिवणकाम तिथं हलवायचं. मी मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाचे घेरदार झगे शिवते. एकेका झग्याला इतकं कापड लागतं की दोन झगे शिवायला घेतले की घरात माणसांनी कुठं बसायचं हा प्रश्न पडतो. मला कल्पना फार आवडली.

पडवीचं काम दोघांनी मिळून केलं, म्हणजे भांडत केलं. कर्टिसनं फोमच्या जाड पाट्या आणल्या होत्या आणि त्या भिंतीला आतून लावायला घेतल्या.

"हे नंतर," अपा म्हणाले. "आधी पश्चिमेची सावली कर. ऊन भिंतीला लागूच द्यायचं नाही. एकदा ऊन आत शिरलं की मग तू कितीही गाद्या लाव."

"या पाट्यांचा दर्जा फार चांगला आहे, मिस्टर ब्राकामोंते."

"पाट्यांना मी काय म्हटलं? मी तुला म्हणतोय."

कर्टिस हसला आणि म्हणाला, "शांत व्हा. आपण दोन्ही करू."

त्यानं खरंच दोन्ही केलं. बाहेरून बांबूची तट्टी बांधली, छताखाली चांदीसारखा कागद ताणला, कागद आणि छप्पर यांच्यामध्ये अपांनी सांगितली तेवढी मोकळी जागा सोडली. मग तो आतून प्लास्टिकचा पडदा ठोकायला निघाला, तेव्हा अपांनी तो हातातून ओढून घेतला. "हे तुमच्या बर्फाच्या देशात. इथं घाम भिंतीच्या आत साठेल आणि लाकूड कुजेल." पडवी छान झाली. मे महिन्याच्या शेवटी बाहेर पारा एकशे चार फॅरनहाइटवर होता आणि अपा आत चादर घेऊन दुपारी झोपले होते. मला वाटलं, जमलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात अपा सीमेपलीकडे, आईच्या माहेरी माग्दालेनाला गेले. तिच्या बहिणींना तिचे काही कपडे आणि देवाच्या तसबिरी द्यायच्या होत्या. आठ दिवसांनी परत आले तोवर कर्टिसनं सुट्टी काढून गॅरेज संपवलं होतं. पांढऱ्या भिंती, जमिनीवर चटई, भिंतीवर लहान एसी, मोठ्या दरवाजाच्या चारी कडांना काळं रबर. माझं मशीन, झगे चढवायचे माझे पुतळे, माझं कापायचं टेबल. मी तिथं उभी राहून रडले होते, आनंदानं.

अपांनी बॅग खाली ठेवली नाही. दारात उभं राहून त्यांनी एक नजर फिरवली आणि कोपऱ्यातल्या गीझरकडे गेले. आमच्याकडे पाणी तापवायची गॅसची उंच टाकी गॅरेजमध्येच असते, एका ओट्यावर. तिच्या शेजारी कपडे वाळवायचं मशीन. तिच्या मागच्या भिंतीत पूर्वी दोन जाळीचे झरोके होते, एक जमिनीलगत, एक छतालगत. आता तिथं गुळगुळीत पांढरी भिंत होती.

"झरोके कुठे गेले?"

"त्यातूनच सगळी गरम हवा आत यायची," कर्टिस म्हणाला. "मागून फोम भरून बंद केले. आता एसी निम्म्या वेळातच खोली गार करतो."

"गीझर श्वास कुठून घेणार?"

"दरवाजाच्या फटीतून येते ना हवा."

"फटी तूच बुजवल्यास. हे रबर कुणी लावलं, मी?"

"मी वाचलंय त्याबद्दल. एवढ्या मोठ्या खोलीत एका गीझरपुरती हवा भरपूर असते."

"आणि हे?" अपांनी कपडे वाळवायच्या मशीनवर थाप मारली. "हे आतली हवा ओढून बाहेर फेकतं. बाहेरून हवा येणार नाही, तर ती भरून कुठून निघणार? गीझरच्या धुराड्यातून. धूर वर जायचा सोडून खाली येईल. आत्ताच्या आत्ता फोड ते."

ते ओरडत होते, हे खरं. प्रवासानं चेहरा काळवंडलेला, बॅग अजून खांद्याला, आणि ते ओरडत होते. कर्टिस शांतपणे म्हणाला, "आपण उद्या बोलू." आणि मी काय म्हणाले, ते मला शब्दन् शब्द आठवतं.

मी म्हणाले, "अपा, आठ दिवस राबलाय तो. एक चांगला शब्द तोंडातून काढला असतात तर जीभ झडली नसती."

अपांनी माझ्याकडे पाहिलं आणि बॅग उचलून पडवीत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की गॅस कंपनीला फोन कर, त्यांचा माणूस येऊन बघून जाईल. त्यांचं इंग्रजी कामापुरतं. फोनवर समोरचा "पुन्हा सांगा" म्हणाला की त्यांचा पारा चढतो, म्हणून ते फोन करत नाहीत. मी करते म्हणाले. केला नाही. माझ्याकडे जुलैपर्यंत चार झगे द्यायचे होते आणि खरं सांगायचं तर मला कर्टिसच्या पाठीमागे तक्रार करायची नव्हती. त्यांनी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा मी चक्क म्हणाले, "केलाय, येतील ते."

मग अपांचं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठायचे ते कपाळ धरूनच. जेवणावरची वासना गेली. एकदा कॉफी करायला उभे राहिले आणि कशासाठी उभे आहोत तेच विसरले. चिडचिड तर इतकी वाढली, की शेजारचा म्हातारा हात हलवून गेला तरी हे पुटपुटायचे. कर्टिस हळूच म्हणाला, "नोएमी, वय झालंय त्यांचं. आई गेल्यापासून त्यांना सावरता आलेलं नाही." मला ते पटलं. माझंही डोकं दुखत होतं, पण मी दिवसभर सुईत दोरा ओवते, माझं दुखणारच.

"शनिवारी जास्त दुखतं," अपा म्हणाले. "तुझा नवरा शनिवारी चार वेळा कपडे वाळवतो. तुझ्या लक्षात येतंय का काही?"

"अपा, शनिवारी तुम्ही आईच्या कबरीवर जाता. उन्हात दोन तास बसता. डोकं दुखेल नाहीतर काय होईल?"

प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर होतं.

एका बुधवारी मी दुकानातून लेस घेऊन आले, तर गॅरेजमधून ठोकण्याचा आवाज. अपांनी कटावणी घालून खालच्या झरोक्यावरची भिंत फोडली होती. फोमचे तुकडे माझ्या पांढऱ्या कापडावर पडले होते. जिप्समची पांढरी धूळ पुतळ्यांच्या खांद्यांवर. इत्सेल नावाच्या मुलीचा झगा मी आदल्या दिवशीच टाचून ठेवला होता, त्याच्या घेरावर भिंतीचा कोपरा पडून कापड फाटलं होतं.

मी आयुष्यात वडिलांवर ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले. मी म्हणाले, की तुम्ही सगळ्यांचं जगणं नासवता. आईचं नासवलंत. हे घर माझं आहे. ते खाली बसलेले होते, हातात कटावणी, भुवया पांढऱ्या झालेल्या.  हात भोकापाशी नेऊन ते म्हणाले, "बघ, कशी आत खेचली जातेय हवा. हात लावून बघ."

मी हात लावला नाही. त्यांच्या हातातून कटावणी घेतली. मग त्यांची हत्यारांची पेटी पडवीतून उचलली. हातोडी, पातं, कात्री, सगळं त्या पेटीत. ती माझ्या गाडीच्या डिकीत टाकून कुलूप लावलं. बहात्तर वर्षांच्या कारागिराची हत्यारं मी लहान मुलाच्या हातातून कात्री काढावी तशी काढून घेतली. संध्याकाळी कर्टिसनं भोक परत बुजवलं. एका शब्दानं कुणाला बोलला नाही. मला वाटलं, किती हा समजूतदारपणा.

आणि मी डॉक्टरची वेळ घेतली.

डॉक्टर तरुण होता, माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान. त्यानं अपांना विचारलं, आज वार कोणता, साल कोणतं. अपांनी सांगितलं. मग त्यानं कोरा कागद पुढे केला आणि म्हणाला, यावर घड्याळ काढा, काट्यांत सव्वा अकरा दाखवा.

"कशाला?" अपांनी मला स्पॅनिशमध्ये विचारलं.

"काढा ना अपा. दोन मिनिटांचं काम."

"याला घड्याळ पाहिजे तर भिंतीवर आहे."

"मिस्टर ब्राकामोंते, हे फक्त तपासणीसाठी आहे," डॉक्टर हसत म्हणाला. "रागवू नका."

अपा त्याच्याकडे वळले आणि त्यांच्या त्या कामापुरत्या इंग्रजीत, एकेक शब्द ठोकत म्हणाले, "माझं डोकं बरं आहे. गीझर बघा. घर मला आजारी करतंय."

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी मान किंचित हलवली. त्या मान हलवण्यात जे होतं ते अपांना कळलं. त्यांनी कागद घेतला, घड्याळ काढलं, बारा आकडे, दोन काटे, बरोबर सव्वा अकरा. खाली सही केली.  परत येताना गाडीत खिडकीची काच खाली करून ते एकशे आठच्या झळा तोंडावर घेत बसले. मी एसी लावलाय म्हणून काच वर करायला सांगितली, तर म्हणाले, "मला हवा पाहिजे."

डॉक्टरनं शेरा लिहिला होता, चिडचिड, आजाराची जाणीव नाही, पुढील तपासणी करावी.

शनिवार उजाडला. इत्सेल आणि तिची आई रोसाउरा अकराला झगा घालून बघायला येणार होत्या. मी सातपासून फाटलेला घेर नव्यानं बसवत होते. कर्टिसनं सवयीप्रमाणे कपड्यांचा पहिला ढीग लावला आणि सामान आणायला बाहेर पडला. नऊच्या सुमारास अपा आले. हातात काड्यापेटी.

"दोन मिनिटं," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मग नाही त्रास देणार."

ते गीझरपाशी गेले. टाकीच्या डोक्यावर जिथं धुराडं सुरू होतं तिथं टोपीसारखा पत्रा असतो, त्याच्या खाली फट. खाली बर्नर पेटलेला होता. अपांनी काडी ओढली आणि ज्योत फटीजवळ धरली.

"ज्योत आत वळली तर धूर वर जातोय. बघ."

ज्योत आत वळली नाही. आमच्याकडे वळली. आडवी झाली आणि कुणी फुंकर मारावी तशी विझली.

त्यांनी दुसरी ओढली. तीही तशीच.

मी ते डोळ्यांनी पाहिलं. टाकीच्या वर जी हवा जायला हवी होती ती माझ्या तोंडावर येत होती. आणि मी म्हणाले, "अपा, एसीचा वारा लागतोय त्याला."

त्यांनी एसीकडे पाहिलं. एसी आमच्या पाठीमागच्या भिंतीवर होता; त्याच्या वाऱ्यानं ज्योत गीझरकडे वळली असती. काड्यापेटी खिशात घालून ते पडवीत गेले आणि दार ओढून घेतलं. मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. माझं डोकं ठणकत होतं आणि कामं पडली होती.

अकराला इत्सेल आली. बारीक, लाजरी पोरगी, फिकट जांभळ्या रंगाच्या झग्यात बुडून गेलेली. पाठीमागे कमरेपासून वर दोऱ्या ओढून बांधायच्या होत्या. मी तिला लाकडी पाटावर उभं केलं आणि टाचण्या लावत घेराभोवती गुडघ्यांवर फिरू लागले. कपड्यांचा तिसरा ढीग घरघरत होता. रोसाउरा खुर्चीत बसून पाहुण्यांबद्दल बोलत होती.

"मला मळमळतंय," इत्सेल म्हणाली.

"काही खाल्लं नाहीस ना सकाळपासून?" तिची आई म्हणाली. "झगा बसायला हवा म्हणून उपाशी राहिली आहे ही."

"दोऱ्या जरा सैल करते," मी म्हणाले. मी उठायला गेले, तर गुडघे उचलेनात. हात टेबलावर टेकून उठले तेव्हा भिंत हलल्यासारखी वाटली. मला आठवतं, मी मनात म्हणाले, बरोबर आहे, मीही सकाळपासून नुसत्या कॉफीवर आहे.

इत्सेल पाटावरून खाली कोसळली. आवाजच झाला नाही, एवढं कापड होतं. त्या ढिगातून तिचा एक हात बाहेर होता.

रोसाउरा किंचाळली. पडवीचं दार धाडकन उघडलं आणि अपा आले. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. मोठा दरवाजा मोटरपासून सुटा करायची लोंबणारी लाल दोरी खाली ओढली, वाकून दरवाजाच्या बुडाशी बोटं घातली आणि तो दरवाजा हातांनी वर उचलला. रबर फाटल्याचा आवाज आला. एकदम प्रकाश आला, झळ आली. मग त्यांनी इत्सेलला काखेत धरून बाहेर ओढायला सुरुवात केली. झगा टराटरा फाटत होता, टाचण्या तिच्या अंगाला लागत होत्या. रोसाउराला वाटलं म्हातारा वेडा झाला. तिनं पर्स उचलून त्यांच्या डोक्यात घातली, दोनदा, तीनदा.

"मार," अपा ओरडले, "पण बाहेर येऊन मार. बाहेर हो, बाई. नोएमी, ऊठ. ऊठ म्हणतो ना."

मी उठू शकत नव्हते. मुलीला झाडाखाली टाकून ते परत आत आले आणि माझ्या ब्लाउजची कॉलर धरून त्यांनी मला ओढलं. सिमेंट इतकं तापलं होतं की माझी ढोपरं भाजली. त्या भाजण्यानंच मी शुद्धीवर आले, असं मला वाटतं.

अग्निशमन दलाची गाडी आली. इत्सेलला मास्क लावला, मला लावला, अपांना लावायला गेले तर त्यांनी तो झिडकारला, मग स्वतःच घेऊन तोंडाशी धरला. एक माणूस हातात यंत्र घेऊन गॅरेजमध्ये गेला. दरवाजा सताड उघडा होता तरी यंत्र ओरडायला लागलं. पडवीतही ओरडलं, अपांच्या पलंगाशेजारी सुद्धा. त्यानं गॅस बंद केला आणि बाहेर येऊन विचारलं, "तिथले झरोके कुणी बंद केले?"

तेवढ्यात कर्टिस आला होता. हातात सामानाच्या पिशव्या. तो म्हणाला, "मी."

"कार्बन मोनॉक्साईड आहे. वास येत नाही, दिसत नाही. कुणी काही बोललं नाही तुम्हाला?"

कर्टिसनं पिशव्या खाली ठेवल्या. मी मास्क तोंडावर आणखी दाबून धरला. अपा झाडाच्या बुंध्याशी बसले होते, केसांतून थोडं रक्त आलेलं, पर्सच्या बकलानं. त्यांना हवं तर त्या वेळी काय काय बोलता आलं असतं. त्यांनी थुंकी टाकली आणि दुसरीकडे बघायला लागले.

इत्सेल दोन दिवस दवाखान्यात होती. बरी झाली. रोसाउरानं नंतर अपांना आभाराचा निरोप पाठवला, आणि पर्स मारल्याबद्दल माफी मागायला स्वतः आलीही. माझ्याशी ती आजतागायत बोलत नाही, आणि तिनं बोलावं अशी माझी अपेक्षाही नाही.

त्या संध्याकाळी दवाखान्यातून घरी आल्यावर मी कर्टिसवर सोळा वर्षांचं ओरडून घेतलं. मी म्हणाले, तुझा तो हळू आवाज, तोच मला खात होता. माणूस जीव तोडून सांगत होता आणि तू त्याला दर वेळी शांत व्हा म्हणून गप्प केलंस. जो ओरडतो तो चूक आणि जो हसतो तो बरोबर, असं मी तुझ्याकडून शिकले.

"तू पण होतीस, नोएमी," तो म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता. "तुला काडी दाखवली होती त्यांनी. मला नाही."

त्याला ते मीच सांगितलं होतं, दवाखान्यात. मी हातातली बशी भिंतीवर फेकली. आणि तो बरोबर होता, म्हणून आणखी एक फेकली.

अपांनी तोवर बॅग भरली होती. ते त्यांच्या जुन्या जोडीदाराकडे, लाझारोकडे राहायला गेले. शहराच्या दक्षिण टोकाला त्याचं पत्र्याचं ट्रेलर-घर आहे. मी अडवलं नाही. कुठल्या तोंडानं अडवणार?

आठवड्यानं मी हत्यारांची पेटी घेऊन तिथं गेले. अपा आणि लाझारो ट्रेलरच्या छपरावर पांढरा रंग मारून खाली उतरत होते. लाझारो मला बघून आत निघून गेला. अपांनी पेटी उघडली, एकेक वस्तू काढून पाहिली. उन्हात तापलेल्या डिकीत राहून पात्याची प्लास्टिकची मूठ वाकली होती. त्यांनी ती माझ्यासमोर धरली आणि परत ठेवली.

"कर्टिसनं झरोके मोकळे केले," मी म्हणाले. "गॅसवाला येऊन तपासून गेला. पडवीत, गॅरेजमध्ये, सगळीकडे अलार्म लावलेत. घरी चला, अपा."

"पडवी चांगली झालीय," ते म्हणाले. "पश्चिमेची तट्टी पुढल्या वर्षी बदल. बांबू टिकत नाही."

"तुम्ही अजून रागावलाय."

"मग? रागावू नको? तूही आता शांत व्हा म्हणणार आहेस?"

"नाही."

ते पेटीवरच बसले. "तो परका पोरगा. त्याला माहीत नव्हतं, चुकला. माणूस चुकतो, मीही दोन घरांत चुकलो होतो, नंतर जाऊन दुरुस्त केलं. पण तू." त्यांचा आवाज चढला आणि मला तो चढलेला ऐकून बरं वाटलं. "तू मला त्या पोरसवदा डॉक्टरपुढे नेलंस आणि मान हलवलीस. मी घड्याळ काढलं, नोएमी. माझ्या पोरीला वाटतंय माझं डोकं गेलंय, म्हणून मी पहिलीतल्या पोरासारखं घड्याळ काढून सही केली. तुझी आई असती तर तिनं कागद त्याच्या तोंडावर मारला असता. आणि तू म्हणालीस मी तिचं जगणं नासवलं."

 माफी मी आधीच मागितली होती, फोनवर, चार वेळा, आणि दर वेळी त्यांनी "बरं" म्हणून फोन ठेवला होता. लाझारोनं आतून विचारलं, बाईला पाणी देऊ का. अपा म्हणाले, दे, बर्फ घालून दे.

मी पाणी पिऊन निघाले.

हे होऊन दीड वर्ष झालं. अपा तिथंच आहेत. मी दर बुधवारी जाते. कर्टिस महिन्यातून एकदा जातो. लाझारोच्या ट्रेलरच्या भिंती दोघांनी मिळून नव्यानं भरल्या. अपा खुर्चीत बसून शिव्या घालत होते आणि कर्टिस ऐकत होता, दोन वेळा तोही ओरडला, असं लाझारोनं मला सांगितलं. मी शिवणकाम पुन्हा जेवणाच्या टेबलावर आणलंय. कर्टिस म्हणतो, गॅरेज आता अगदी सुरक्षित आहे, महिन्याच्या पहिल्या तारखेला मी सगळं तपासतो. मला माहीत आहे की तो तपासतो. तरी मी तिथं फक्त कपडे धुवायला जाते, आणि तो मला याबद्दल समजावायला आला की आमचं भांडण होतं, मोठ्या आवाजात, खिडक्या उघड्या असताना.